स्टँडासमोरचा फ्लेक्स

वीस वर्षं रॅप करतोय मी. बेचाळिसाव्या वर्षी पहिला एकट्याचा अल्बम काढला, 'कोरडवाहू'. आधी आम्ही तिघं होतो. एक दुबईला गेला, एक सोसायटीच्या निवडणुकीत गेला. उरलो मी, ऋषिराज, सांगलीत साउंड सिस्टिम भाड्यानं देणारा.

अल्बम आल्यावर यूट्यूबवर एक पोरगं बारा मिनिटं बडबडलं आणि शेवटी म्हणालं, "काका, आता आराम करा." काका! ह्याच्या बारशाआधीपासून माइक धरतोय मी. मग रविवारी पुण्याच्या पेपरात अर्धं पान आलं. साडेचार तारे. 'ग्रामीण पितृसत्तेचा निर्भीड पंचनामा', असं लिहिलं होतं. डोंबलाचा पंचनामा! मी आपलं बापाबद्दल लिहिलं होतं. आणि त्या शहाण्यानं अख्ख्या अल्बममधून नेमक्या त्याच दोन ओळी चौकटीत छापल्या होत्या.

बाप सुट्टीवर आला, घर सावधान झालं
बाप एसटीत बसला, तवा घर जेवाय बसलं

ते पान मी अकरा वेळा वाचलं. आनंद व्हायला पाहिजे होता, पण दर वेळी नजर त्या चौकटीवरच अडकत होती. आबा, म्हणजे माझे वडील सुभेदार नाथाजी, फौजेतून रिटायर होऊन वडूजला एकटेच राहतात. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून आमचं दर रविवारी फोनवर बोलणं सुरू झालंय. पाऊस, गुडघा, गॅसची टाकी. तेवढंच. पण त्याआधी पंधरा वर्षं तेवढंही नव्हतं. अल्बममध्ये काय आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं होतं, "शेतीबिती हाय, आबा." त्या रविवारी मी फोन केलाच नाही.

सोमवारी सकाळी सातला बाळासोचा फोन आला. हा माझा शाळेतला दोस्त, वडूजला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे.

"गड्या, पेपरात आलास! स्टँडासमोर फ्लेक्स लावलाय तुझा. त्या दोन ओळी लय मोठ्या घेतल्यात, एसटीतनं वाचता येत्यात!"

"कुणी सांगितलं होतं तुला हे शहाणपण?" मी ओरडलोच.

"आरं, ऐक तरी, त्यो फ्लेक्स..."

मी फोन कापला. बायको, संयोगिता, म्हणाली, "पुरतं ऐकून तरी घ्यायचं माणसाचं." पण मी तोवर गाडीला किक मारली होती. आबा रोज दहाच्या ठोक्याला स्टँडावर चहाला जातात. त्याआधी तो फ्लेक्स उतरायलाच पाहिजे होता. नाहीतर रविवारचा फोन संपला, कायमचा.

तासगाव गेलं. विट्याच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, दोन ट्रॉल्या लावलेला, बाजूला सरकायचं नावच घेईना. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला. डोक्यात माझ्याच ओळी वाजत होत्या आणि पहिल्यांदाच त्यांचा राग येत होता. आबांना सांगावं, सगळं खोटं आहे, गाण्यासाठी रचलंय. पण एक अक्षर खोटं नव्हतं. आबा सुट्टीवर असले की आम्ही ताटाकडं बघून खाली मान घालून बसायचो. घशाखाली घास उतरायचा नाही.

मायणी ओलांडून वडूजच्या स्टँडावर पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. फ्लेक्स लांबूनच दिसला. माझा गॉगलमधला फोटो आणि खाली त्या दोन ओळी, माणसाएवढ्या. चहाच्या टपरीवरचं बाकडं ओढलं, वर चढलो आणि खिशातल्या चाकूनं एका कोपऱ्याची दोरी कापली.

"खाली उतर."

तो आवाज! बेचाळीस वर्षांच्या माझ्या टाचा आपोआप जुळल्या. आबा आज दहाच्या आधीच येऊन टपरीत आतल्या बाजूला चहा पीत बसले होते.

"आवं आबा, ह्यो बाळासोचा गाढवपणा हाय, मी आत्ता..."

"त्येचा न्हाई. मी छापून घेतलाय. खालची ओळ वाच."

घाईत मी ती बघितलीच नव्हती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'शुभेच्छुक : वडील'.

"पेपर वाचला," आबा म्हणाले. "मग शेजारच्या पोरीकडनं गाणं लावून घेतलं. तीनदा ऐकलं. खोटं हाय का ते?"

"न्हाई."

"मग कापतो कशाला? पोरगं पेपरात आलं तर बापानं फ्लेक्स लावायचा न्हाई व्हय? बांध दोरी."

मी दोरी बांधली. गाठ दोनदा सुटली.

घरी गेलो. आई गेल्यापासून आबा भाकरी करायला शिकलेत. त्यांनी माझं ताट वाढलं, स्वतःचंही वाढून घेतलं.

"तुजी आई म्हणायची, तुमी गेला की पोरगं एक भाकरी जादा खातंय. मला चेष्टा वाटायची."

एवढं बोलून ते स्वतःचं ताट घेऊन उठले.

"कुठं निघाला?"

"भाईर बसतो. तू जेव निवांत."

मी ताट उचललं आणि बाहेर कट्ट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. आबा समोर बघत जेवत होते. माझ्या दोन भाकऱ्या संपल्या.

"आबा," मी म्हटलं, "आनि एक वाढा."