तपासणाऱ्याचं नाव

हेलनताईनं डबा उघडून पुढे केला आणि कल्पेशला वाटलं, इथून उठावं आणि सरळ पळत सुटावं. डब्यात फुगे होते, मैद्याचे टम्म फुगलेले गोड गोळे, सकाळीच तळलेले, अजून कोमट. सातिवलीतल्या कंपनीच्या त्या गाळ्यात एरवी सोल्डरिंगचाच वास भरलेला असायचा. आज त्यावर फुग्यांनी मात केली होती.

"घे रे. माझ्यामुळे तुला एवढं ऐकून घ्यावं लागलं," ती म्हणाली.

मालकाकडून ऐकून घ्यावं लागलं होतं हे खरं. पण कुणामुळे, ते या जगात एकट्या कल्पेशला माहीत होतं, आणि गेले काही दिवस तो ते गिळून बसला होता.

त्यांची कंपनी शीतगृहातलं तापमान मोजणाऱ्या पेट्या बनवायची. पेटीत तापमानाचं वाचन करणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बसवायची, आणि पेटी चालू असतानाच एखादं ओढून काढून त्या जागी दुसरं खोचायचं, हीच तर त्या मालाची ऐट. कार्ड आणि संगणक यांच्यात बोलणी घडवून आणणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो कल्पेशनं लिहिला होता. मालक मितेशशेठ यांनी तो सगळ्यांसाठी खुला करायचं ठरवलं आणि लिनक्समध्ये, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या संगणकप्रणालीत, घेतला जावा म्हणून पाठवला.

ही लिनक्सवाली मंडळी म्हणजे एक अजब गाव आहे. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नसतं, ईमेलवर कडाकडा भांडतात, आणि एका अल्पविरामावरून माणसाची सालटी काढतात. पण एक रीत सगळे पाळतात. लिहिणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचं नाव लागतं, आणि ते नाव म्हणजे दिलेला शब्द. मागाहून कोडात मोठा बदल केला, तर ते नाव काढून टाकायचं, पुन्हा तपासून घ्यायचं आणि मगच परत लावायचं. कल्पेशला ही रीत शिकवली होती कंपनीत तपासायचं काम करणाऱ्या हेलनताईनंच.

तिनं पहिला ड्रायव्हर तपासला तेव्हा कार्ड इतक्या वेळा खोचलं आणि ओढलं की तिच्या अंगठ्याचं नख तुटलं. मग म्हणाली, "चाललं. लाव माझं नाव." आणि लेकीच्या, एलिसाच्या, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी सुटीवर गेली.

ती सुटीवर असतानाच लिनक्सवाल्यांच्या मुख्य माणसाचं उत्तर आलं. कार्ड काढल्यावर जी आवराआवर होते तो भाग बेंगरूळ आहे, तो नीट लिही, आणि या आठवड्यात आला तर घेतो, नाहीतर पुढच्या खेपेला. कल्पेशला पुढची खेप नको होती. आईनं, बायजानं, खाडीकाठच्या त्यांच्या अख्ख्या गावात सांगून ठेवलं होतं की पोराचं नाव जगातल्या कॉम्प्युटरांत जाणार. त्यानं तो भाग पार नव्यानं लिहिला. कार्ड खोचून पाहिलं, चाललं. काढूनही पाहिलं, पण वाचन बंद केल्यावर. आणि हेलनताईचं नाव होतं तिथेच राहू दिलं. सुटीत तिला कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. स्वतःची समजूत घालण्यात कल्पेशचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कोड आत गेला. बायजानं घरोघरी पेढे वाटले.

मग पावसाळा सरता सरता परदेशातल्या एका दुग्धालयाच्या तंत्रज्ञाचं पत्र सगळ्यांच्या समोर येऊन पडलं. वाचन चालू असताना कुणीतरी कार्ड ओढलं आणि अख्खा संगणक थिजला. थंडावा गेल्याची घंटा वाजलीच नाही आणि टाकीभर दूध नासलं. कल्पेशला चूक वाचता वाचताच कळली. त्याच्या नव्या कोडानं वाचन चालू असतानाच त्याची संगणकातली जागा मोडीत काढली होती, भाडेकरू आत झोपलेला असताना खोली पाडावी तशी. पत्राच्या शेवटी तंत्रज्ञानं फार सभ्यपणे विचारलं होतं: तपासणारी म्हणून हेलनचं नाव आहे, तिनं चालू वाचनात कार्ड काढून पाहिलं होतं का?

कल्पेश उत्तराची जुळवाजुळव करत राहिला आणि हेलनताई उत्तर देऊन मोकळी झाली. "ते माझ्याकडून राहून गेलं असणार. चूक माझी आहे, कल्पेशची नाही. मी सगळ्यांची माफी मागते." त्यावर मुख्य माणसानं तिला लिहिलं, यापुढे नाव देताना काळजी घ्यावी. इतकी वर्षं जिच्या नावावर ही मंडळी डोळे झाकून विसंबत होती, तिला!

कल्पेशनं ते वाचलं, आणि काहीच केलं नाही. त्या रात्री त्यानं ताट तसंच सारलं तेव्हा बायजा म्हणाली, "काय झाला रं तुला? जेवन पन नाय गेला." तिला काय सांगणार? पेढे परत गोळा कर म्हणून?

आणि आता समोर हे फुगे.

"मला ना, अजून वाटतं की मी चालू वाचनातच ओढलं होतं," हेलनताई म्हणाली. "डोळ्यांसमोर येतं रे. पण तसं असतं तर संगणक तेव्हाच थिजला असता ना? म्हणजे माझ्या मनाचेच खेळ. मी मितेशशेठना आज सांगणार आहे, तपासायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

हातातला फुगा कल्पेशनं डब्यात परत ठेवला.

"तू ओढलं होतंस," तो म्हणाला. "चालू वाचनातच. तुझं नख तुटलं होतं."

तिनं डबा बाजूला ठेवला.

"तू तपासलास तो कोड वेगळा होता, ताई. तू सुटीवर गेल्यावर मी तो बदलला. आणि तुझं नाव तसंच ठेवलं."

हेलनताईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर नुसतं हायसं वाटल्याचं दिसलं, आणि तेच कल्पेशला सर्वांत जास्त लागलं. मग तिनं मान वर केली.

"मी माफी मागितली, कल्पेश. सगळ्या जगासमोर. तू वाचली होतीस?"

"हो."

"कधी?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. "त्याच दिवशी," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा आपल्या पिशवीत ठेवला.

तिच्यादेखत त्यानं त्या मंडळींना लिहिलं. बदललेल्या कोडावर मी हेलनचं नाव तिला न विचारता राहू दिलं, तिनं हा कोड पाहिलाही नव्हता, आणि तिनं माफी मागितल्यावरही मी गप्प बसलो. आत गेलेल्या कोडाखालचं नाव कुणालाही पुसता येत नाही. ते तिथे कायमचं राहणार होतं, आणि त्याची लाज तिची नव्हती.

मग त्यानं कोड दुरुस्त केला. आतला माणूस बाहेर पडेपर्यंत खोली पाडायची नाही, एवढंच काम. ते झाल्यावर हेलनताई पेटीपाशी येऊन बसली. वाचन चालू करून तिनं कार्ड ओढलं, खोचलं, परत ओढलं. दुपारभर तेच. बाहेर कंपन्या सुटल्याचा गलबला सुरू झाला तेव्हा ती उठली.

"चाललं," ती म्हणाली. "आता बरोबर आहे."

कल्पेशनं आपलं नाव टाइप केलं. त्याखालची ओळ रिकामी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ताई, नाव लावू?"

"नको," असं म्हणून ती पिशवी घेऊन निघून गेली.

दुरुस्ती एकट्या कल्पेशच्या नावानं गेली. सकाळी मुख्य माणसाचं एका ओळीचं उत्तर आलेलं होतं: या खेपेला तपासलं कुणी?

कल्पेशनं उत्तर लिहिलं. ते आता तिथे कुणालाही वाचता येतं.

"हेलननं तपासलं. तिचं नाव लावायची परवानगी तिनं मला दिलेली नाही. तिचं बरोबर आहे."