नळीची खुर्ची आणि भागीरथाबाईंचे तळहात

मित्रांनो, आधी माझी मोजदाद सांगते. क्रोमचा मुलामा दिलेली, एक सलग वाकवलेली पोलादी नळी. दोन हात. पाय दोनच, तेही पुढचे, मागचे नाहीत. मरून रेक्झिनच्या दोन गाद्या, त्यांतली एक उसवलेली. स्क्रू अठरा होते, आता पंधरा आहेत. एवढी मी एक जुनी खुर्ची. वय साठीच्या पुढे.

मुंबईच्या एका कारखान्यात आम्ही सहा जणी एकाच दिवशी घडलो. धावत्या मोटारीसारख्या गुळगुळीत, वळणदार. अमरावतीला मोरोपंत वकिलांच्या कचेरीत आलो, तेव्हा चांदूर बाजारचे पक्षकार आम्हाला वाकून वाकून पाहत. "मांगचे पाय कुठी गेले इचे?" म्हणत आणि बसताना एक हात टेबलावर ठेवत. मी जरा झुलायचे. त्यांची धांदल पाहून मला गंमत वाटे.

त्या कचेरीची झाडपूस भागीरथाबाई करत. रोज सकाळी आधी ओलं फडकं, मग कोरडं. अशी बावीस वर्षं. "भागीरथा, हाताचे ठसे राहू देऊ नकोस गं," असं वकिलांच्या पत्नी चारुशीलाबाई सांगत. ठसे कधीच राहिले नाहीत. काम संपलं की भागीरथाबाई दाराशी उकिडव्या बसून चहा पीत. आम्ही सहाही जणी तेव्हा रिकाम्या असायचो. त्यांना "बसू नकोस" असं कुणी म्हटलं नव्हतं. "बस" असंही कुणी म्हटलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण किती चमकतो, एवढंच मी पाहत होते. आज ते सांगायची लाज वाटते.

मोरोपंत गेले. कचेरी बंद झाली. पाच बहिणी भंगारात गेल्या, मी अठरा वर्षं अडगळीत पडून होते. गेल्या वर्षी वकिलांच्या घरातलं सामान विकायला काढलं, तेव्हा भागीरथाबाईंचा मुलगा संघपाल आला. तो अकोल्यात शिक्षक आहे. त्याने मला शोधून काढलं आणि अकोल्याला नेलं.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी त्याने मला घासून लख्ख केलं आणि अंगणात ठेवलं. भागीरथाबाई विहारातून वंदना करून परतल्या, तेव्हा साडेबारा वाजले होते. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या फाटकातच थबकल्या. "मायबाई! हे तं वकीलसाहेबाची खुर्ची व्हय!"

"आता तुही हाय, माय. बस," संघपाल म्हणाला.

शेजारची पिंकी हसली. "बसा ना वो मावशी. आज तुमी वकील, आमी पक्षकार!"

"थांब आजी, उन्हातली हाय ते." ही त्यांची नात प्रणाली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिच्याजवळ दुरून तापमान सांगणारं, पिस्तुलासारखं यंत्र होतं. गादीचं तापमान सत्तर अंश निघालं. तिने गादीवर सतरंजी दुमडून घातली. मग यंत्र माझ्या हातांवर धरलं. "एकेचाळीस! हवा चव्वेचाळीस हाय, त्याच्याहून थंड. बिनधास्त धर."

मी आतून पोळत होते. मला सांगता येत नव्हतं.

भागीरथाबाईंनी दोन्ही तळहात माझ्या हातांवर दाबले आणि सगळा भार टाकून बसल्या. त्यांनी हात उचलले नाहीत.

"हास ना माय!" संघपाल फोटो काढत होता. त्या हसल्या. तीन फोटो झाले. मग त्या उठल्या आणि हात पदराखाली घेतले.

संध्याकाळी त्यांना खिरीची वाटी धरता येईना, तेव्हा कळलं. दोन्ही तळहातांवर फोड आले होते.

प्रणाली रडायलाच लागली. "हात काहून नाही सोडले, आजी?"

"बावीस वर्सं फडक्यानंच धरली इले. उघडा हात कधी लावलाच नाही. मले वाटलं, बसल्यावर अशीच लागत असन."

मित्रांनो, हे वाक्य ऐकल्यापासून मला माझ्या चकाकीची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी प्रणालीने माझ्या उजव्या हातावर काळी टेप चिकटवली. टेपवर अडुसष्ट अंश. शेजारच्या उघड्या नळीवर एकेचाळीस. काळी टेप नळीची खरी उष्णता यंत्राला दाखवते; चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरच्या वस्तूंचीच परत पाठवतो. यंत्राने माझं तापमान सांगितलंच नव्हतं. माझ्यावर वाकलेल्या प्रणालीच्या अंगाचं नि कपड्यांचं सांगितलं होतं. "हवेहून थंड कसं असन, एवढं मले सुचू नये?" ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. घासा, पुसा, पण सावलीत ठेवा. आणि ज्यांचे हात आम्हाला पुसतात, त्यांना 'बसा' म्हणायला चाळीस वर्षं लावू नका.

फोड भरायला एकोणीस दिवस लागले. मला आतल्या खोलीत, कूलरजवळ ठेवलं. भागीरथाबाई बरेच दिवस माझ्याकडे नुसत्या पाहत. मग एका दुपारी त्या आपणहून आल्या. प्रणालीने वहीत लिहिलं: टेपवर एकतीस पूर्णांक चार अंश. आजी दोन्ही हात ठेवून बसली. वेळ, सव्वीस मिनिटं.