लाकडाची सुपारी

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या सिनेमावाल्यांनी कुणकेश्वरच्या वाळूत खोताचं घर उभं केलं. घर म्हणजे नुसती पडवी. खांब प्लायवूडचे, वर सागवानी रंग, आणि मागची भिंत चक्क कापडाची. दर्यावरून वारा सुटला की खोताचं घर पोट धरून हसल्यासारखं हलायचं.

एका लहानशा प्रसंगासाठी त्यांना खोतीण हवी होती. हिरो मुलीला मागणी घालायला येतो, खोतीण त्याचं ऐकून घेते आणि एकदा त्याच्याकडे बघते, एवढंच काम. बोलायचं काही नाही. निरोप गावात पोचला आणि सगळ्यांच्या आधी नर्मदाबाई तयार झाली. धाकटी जाऊ हौसाबाईही बरोबर गेली, कारण नर्मदाबाईची छत्री आणि पानाची चंची धरायला कुणीतरी लागणारच होतं.

हौसाबाईचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. बाकीचं वर्ष ती थोरल्या जावेच्या शब्दाबाहेर नसायची. तांदूळ किती काढायचे, बाजार कुठला आणायचा, सगळं नर्मदाबाई ठरवायची. त्याचं हौसाबाईला फारसं दुःख नव्हतं. दुःख एकच होतं. लेकीला, विमलाला, खारेपाटणात दुसरा मुलगा झाला होता. तो रांगायला लागला तरी आजीनं अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. "वयनी, मी जावन येव काय?" असं विचारलं की नर्मदाबाई म्हणायची, "आंब्यांचा काम सरांदे." आंबे सरले की लाकडं भरायची असायची, लाकडं भरली की आणखी काही.

तर नर्मदाबाई पडवीतल्या नक्षीदार खुर्चीत बसली. खुर्ची भरली. दिग्दर्शक खूश झाला. पण कॅमेरा सुरू झाला की ती त्याच्याकडे बघून हसायची, आणि हिरोनं हात जोडले की हीही हात जोडायची.

"बाई, तुम्ही मालकीण आहात. तुम्ही हात जोडायचे नाहीत," दिग्दर्शक म्हणाला.

"अहो, एवडो गोरोपान झील हात जोडता आणि मी तशीच बसू? लोक काय म्हणतीत?"

चार-पाचदा तेच झालं. शेवटी दिग्दर्शकानं कपाळाचा घाम पुसला आणि त्याची नजर मागे छत्री धरून उभ्या असलेल्या हौसाबाईवर गेली. "या बसून बघतील का?"

"ही?" नर्मदाबाई म्हणाली. "हिच्यान घरातला मांजरसुद्धा हाकलूक होणा नाय!"

पण तोवर सिनेमाचं सामान सांभाळणाऱ्या सत्यवाननं पेटारा उघडला होता. तो मूळचा मालवणकडचाच, त्यामुळे हौसाबाईला जरा धीर आला. त्यानं तिला जरीचं लुगडं दिलं, नथ दिली, पुतळ्यांची माळ घातली, वर शाल पांघरली. झालं असं की, ती भलत्याच देवळातून उचलून आणलेल्या देवीसारखी दिसायला लागली. खुर्चीत बसवली तर पाय लोंबकळले. पायांखाली खोका ठेवला तर गुडघे हनुवटीला आले. हातात काठी दिली तर तापातून उठल्यासारखी वाटली. मग कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावला, तर तो वाजू नये म्हणून तिनं मुठीत दाबून धरला. घरात किल्ल्या वाजवायचा मान जावेचा होता, ती तरी काय करणार?

"सत्यवान," दिग्दर्शक म्हणाला, "ही मालकीण नाही वाटत रे. मालकिणीच्या किल्ल्या चोरलेली वाटते."

गावातली माणसं हसली. नर्मदाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली. हौसाबाईला वाटलं, वाळू दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं.

सत्यवान मात्र हसला नाही. त्यानं एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. शाल गेली, माळ गेली, काठी गेली, किल्ल्या गेल्या. खुर्चीसुद्धा हलवली आणि खांबाजवळ चटई टाकली.

"हयसर बस, काकी. पण खांबाक टेको नको हां. घर पडतला."

ती टेकायची कशाला? घर पडेल या भीतीनं ती इतकी ताठ बसली की आयुष्यात कधी बसली नसेल. हात तेवढे कुठं ठेवायचे ते तिला कळेना. सत्यवाननं तिच्यापुढे पानाचा पितळी डबा ठेवला आणि अडकित्ता नि सुपारी हातात दिली. "सुपारी कातरीत रव. तेचा बोलणा झाला की वर बघ. बस्स."

कॅमेरा सुरू झाला. हिरो आला, हात जोडून "आईसाहेब" म्हणाला आणि आपलं सांगायला लागला. हौसाबाईनं अडकित्ता दाबला. सुपारी फुटेना. फिरवून दाबला, तरी फुटेना. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कोकणातली बाई, नि अख्ख्या गावासमोर सुपारी कातरता येईना! हिरोचं बोलणं संपलं, याचा तिला पत्ताच नव्हता. तो हात जोडून थांबला. जरा वेळानं जोडलेले हात खाली आले, परत वर गेले. त्यानं शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, या खेपेला अडखळत. पडवीत अडकित्त्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

अखेर हौसाबाईच्या ध्यानात आलं की सुपारी लाकडाची आहे. खेळातली, रंगवलेली! ही देणाऱ्या सत्यवानाला डोळ्यांनीच जाळावं म्हणून तिनं मान वर केली. सत्यवान होता हिरोच्या पाठीमागे. नजर पडली ती हिरोवर.

हिरो एक पाऊल मागे सरकला. आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं पायांतल्या वहाणा काढल्या.

"कट!" दिग्दर्शक ओरडला नि धावतच पडवीत आला. "आई, असंच पुन्हा एकदा करायचं. अगदी असंच!" मघापर्यंत तो तिला 'या' आणि 'ही' म्हणत होता. कुणीतरी तिच्या डोक्यावर छत्री धरली. दुसऱ्या कुणी पाणी आणलं.

सत्यवान ओशाळून वाकला. "चुकान लाकडाची गेली, काकी. खरी देतंय."

हौसाबाईनं मूठ मिटली. "रवांदे. हीच बरी."

दुसऱ्या वेळी तिला ठाऊक होतं. हिरो थांबला, कॅमेरावाला थांबला, किनाऱ्यावरचं सगळं गाव श्वास धरून थांबलं, आणि तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. आपण मान वर केल्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही, हे तिला जन्मात पहिल्यांदा कळत होतं. तिनं एक लाट येऊन फुटू दिली. ती ओसरू दिली. मग सावकाश वर बघितलं.

दोन दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरात नारळ खवता खवता ती म्हणाली, "वयनी, सोमवारच्या यष्टीन मी खारेपाटणाक जातंय."

'जाव काय' नव्हे, 'जातंय'. नर्मदाबाईला आधी खरंच वाटेना. "जातंस? आणि आंब्यांचा कोण बघतला? तुका काय सिनेमाचा वारा लागला?" ती बोलत राहिली. हौसाबाई खवत राहिली. नर्मदाबाईचं सगळं बोलून झालं, मग तिनं ते पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, पण मध्येच कुठेतरी तिचा आवाज बसला. वाटी खवून झाली तेव्हा हौसाबाईनं मान वर केली.

"काय म्हणालंस, वयनी?"

"काय नाय," नर्मदाबाई म्हणाली. "किती दिस रवतलंस?"

"बघुया."

ती गेली. नातवानं पहिल्याच दिवशी तिच्या नाकातली चमकी ओढून बघितली, आणि ती पुरता महिनाभर तिथेच राहिली. परत आली तेव्हा आंबे उतरून झाले होते. घरही जागच्या जागी होतं.

महाशिवरात्रीच्या जत्रेत तंबूत सिनेमा आला. दोघी जावा एका चटईवर बसल्या, मधे गुळातल्या खाज्याचा पुडा. पडद्यावर हौसाबाई आली, शिडाएवढी मोठी. अडकित्ता कुरकुरत होता. हिरो हात जोडून ताटकळला होता. नर्मदाबाईला ते बघवेना. शेवटी ती पडद्याकडे हात करून ओरडली, "अगो, बघ मगे वर! किती वेळ उभो करतलंस त्या झिलाक?"

हौसाबाईनं तोंडातलं खाजं चावून संपवलं.

"बघतलंय, वयनी," ती म्हणाली. "घाय कित्याक?"