बाटलीतली सर्पगंधा

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही सर्पगंधेचं बोटभर रोप आहात. घर काचेच्या बाटलीत. पायाखाली माती नाही, खळीसारखा घट्ट, गोड गर आहे. वर झाकण. ते उघडलं की हवेतली बुरशी आत आलीच. गोड तिलाही आवडतं, आणि ती तुमच्या आधी जेवते.

लांज्याच्या प्रयोगशाळेत उमाआत्या एका झाडाच्या तुकड्यापासून अशी रोपं वाढवत होती. मूळ झाड रस्ता रुंद करताना गेलं. आता अशा बाटल्यांचा एकच ट्रे उरला होता. तो जगला तरच सर्पगंधा पुन्हा रानात लागणार होती. आत्याची भाची आर्या सुट्टीभर काचेला नाक लावून ती रोपं बघायची.

संस्थेचे अध्यक्ष श्यामराव मोठे हौशी. पाहुणा आला की बाटली उघडून रोपाला हळदकुंकू वाहायला लावत. चार दिवसांत रोपावर पांढरी लव. "दृष्ट लागली," म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतच लिंबू-मिरची टांगली. लिंबू कुजलं, बुरशी दुप्पट झाली.

"बघा, केवढी दृष्ट होती," श्यामराव म्हणाले.

आज चिपळूणहून मोठे साहेब आले होते. मांडवात पाटावर तो शेवटचा ट्रे मांडला होता.

"काका, झाकणं तेवढी राहू देत," आत्या हळूच म्हणाली.

"अगो, ताटावर झाकण ठेवून देव जेवतो काय?"

आत्या मागे सरली. नोकरी त्यांच्याच हातात. साहेबांनी हळदीची चिमूट घेतली. श्यामरावांनी पहिल्या झाकणाला हात घातला.

"शिवू नका," आर्या म्हणाली. "ती सोवळ्यात आहेत."

श्यामरावांचा हात थबकला. गणपतीत ते सोवळ्यात असले की सख्ख्या नातवालाही जवळ येऊ देत नसत, हे साऱ्या लांज्याला ठाऊक.

"कोण म्हणतं?"

"आत्या हात धुऊन, तोंड बांधून, वेगळे कपडे घालूनच त्यांना शिवते. तुम्ही तर आत्ताच स्टँडवर वडा खाल्लात."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चिमूट परत ठेवली. "नको हो श्यामराव. सोवळं मोडल्याचं पाप माझ्या माथी नको."

श्यामरावांनी झाकणावरचा हात मागे घेतला.

आणि आर्याने काय केलं? तिने ट्रे उचलला, "बाजूला व्हा, विटाळ करू नका," म्हणत भरल्या मांडवातून थेट प्रयोगशाळेच्या दाराशी नेऊन आत्याच्या हाती दिला, आणि आत्या आत जाताच बाहेरून कडी घालून दारातच मांडी ठोकून बसली.