रिळाची वेणी

खारेपाटातल्या काळुरामच्या तळ्यात एकच मोठा जिताडा मासा उरला होता. लेक दिपिकाच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडासमोर त्याने रोह्याच्या जावयाला, धनेशला, सांगितलं होतं, "पहिल्यांदा घरी याल तेव्हा आमच्या तळ्यातला जिताडा वाढीन." आता रविवारी धनेश येणार होता.

जाळं टाकायची सोय नव्हती. चोरांनी जाळं ओढू नये म्हणून काळुरामनेच तळ्यात बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या. त्यात चोराचं जाळं अडकतं, तसं मालकाचंही अडकतं. धाकटा भाऊ प्रविण बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून गळाची काठी आणि तिच्यावरचं रीळ आणलं होतं. शुक्रवारी काळुरामने रिळावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा गुळगुळीत एकेरी दोरा, गुंडाळला आणि गळाला जिवंत कोळंबी लावली. जिताड्याने ती घेतली. पण तंगूस रबरासारखं ताणलं गेलं, तेवढ्यात मासा फांद्यांत शिरला आणि ते तुटलं.

शनिवारी मुंबईहून प्रविणचा फोन पोपटच्या दुकानात आला. काळुरामने सगळं सांगितलं. खरखरीतून उत्तर आलं, "दादा, तंगूस काढून टाक. रिळाला वेणी घाल. चार पदरांची. घट्ट बघून घे." आणि फोन कटला.

"मी तवाच बोलत व्हते," निरोप ऐकून त्याची बायको धोंडुबाई म्हणाली. "नवी वस्तू घरात आणली, फूल नाय, कुंकू नाय. मासा कसा लागल?"

"पण तंगूस कशाला काढायचं गो?"

"सोवळ्यात पायजे आसल."

हे काळुरामला नीटसं पटलं नाही. तरी त्याने तंगूस काढलं आणि पेणच्या बाजारात गेला.

"चार पदरी वेणी?" फुलवाल्या कृष्णाबाईने विचारलं. "कोणाला?"

"रिळाला."

"ही रिळा कोण? पाव्हनी काय?"

"बोटीवरून आलीय."

"केस किती हायेत?"

"केस नायत तिला. तंगूस व्हतं, ते काढलं."

कृष्णाबाईने त्याच्याकडे जरा बघितलं आणि अबोलीची वेणी पानात बांधून दिली.

रविवारी धनेश आणि दिपिका आले तेव्हा काळुराम बांधावर बसला होता. रिळावर कुंकू होतं, अबोली होती, आणि दोरा नव्हता.

"मामा, जिताडा फुलं खातो?" धनेशने विचारलं.

"माहीत नाय. प्रविणने सांगितलंय."

धनेशने रीळ फिरवून पाहिलं. दोन पाकळ्या आत अडकल्या. कंपनीत तो यंत्रावर काम करायचा, पण याचा अर्थ त्यालाही लागेना. "जाऊ द्या मामा, आपण वालाची भाजी खाऊ," तो म्हणाला. काळुरामने मान खाली घातली.

पडवीत धोंडुबाई लेकीचे केस विंचरत होती. "एवढं घट्ट नको गो आये," दिपिका म्हणाली.

"घट्ट नसली तर वेणी सुटल ना. तीनच पदर हायेत."

काळुराम उठून पडवीत आला. लेकीच्या डोक्यामागे तो नुसता बघत राहिला.

"अवो, काय झालं?"

"ही बी वेणीच," तो म्हणाला. "दोऱ्याची वेणी, धोंडे. चार पदरांची."

आता असली वेणी विकणारी दुकानं शोधायला वेळ नव्हता. धोंडुबाईने जाळी दुरुस्त करायचा बारीक दोरा काढला, एक टोक खांबाला बांधलं आणि मायलेकी चार पदर एकमेकांत घालत बसल्या. धनेश मागे सरकत सरकत वेणी ताणून धरत होता. तळं ओलांडेल इतकी झाल्यावर ती रिळावर चढली.

ऊन उतरताना कोळंबी पुन्हा पाण्यात गेली. जिताड्याने ओढ घेतली आणि फांद्यांकडे वळला. वेणी तंगुसासारखी ताणली गेली नाही. काळुरामने काठी मागे घेतली तसं माशाचं तोंडही मागे आलं. धनेश कंबरभर पाण्यात उतरला आणि त्याने मासा कल्ल्यात बोटं घालून वर काढला.

जेवणं झाल्यावर दुकानातून बोलावणं आलं. प्रविणचा फोन होता.

"दादा, वेणी मिळाली?"

"मिळाली. दोन."

"दोन कशाला?"

"एक रिळावर हाय. अबोलीची दिपिकाने डोक्यात घातली."

 प्रविणने विचारलं, "दादा, अबोलीची कुठल्या कंपनीची?"