पान संपू दे

आमच्या घरात जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नसे, बाबांचं पुस्तक ठरवायचं. आई हाक मारायची आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, "पान संपू दे." एक पान संपलं की दुसरं सुरू. "पुढच्या जन्मी मी पुस्तक होणार," आई म्हणायची, "म्हणजे तरी माझ्याकडे बघाल." बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर लोकांच्या चुका वाचायच्या आणि घरी येऊन विश्रांती म्हणून पुन्हा वाचत बसायचं. माणसाला व्यसन तरी किती असावं!

मग त्यांची नजर गेली. हळूहळू, आधी मधलं, मग कडेचं. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम मी त्यांच्या कॉम्प्युटरवर घातला. बाबांची स्वारी खूश. पण अलीकडे त्या प्रोग्रामला एक खोड लागली. पुस्तकातलं पान संपलं की आवाज गप्प व्हायचा, आणि पुन्हा तोंड उघडायचा तो थेट प्रकरणाच्या पहिल्या ओळीवर. बाबा तीच ती सुरुवात ऐकत बसायचे. "कुणीतरी पान लावून द्या गं," म्हणायचे. पुढे तेही म्हणेनासे झाले. आणि एका संध्याकाळी आईने "जेवायला चला" म्हटलं, तर बाबा पहिल्या हाकेला उठून आले. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

मी पोटासाठी गोदामांचे प्रोग्राम लिहिते. कुठला माल संपत आलाय ते सांगणारे. तेव्हा म्हटलं, ही खोड मीच काढते. त्यात काय एवढं?

हा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नाही. त्याचा कोड, म्हणजे तो ज्या ओळींनी बनलाय त्या झाडून साऱ्या ओळी, जगासमोर उघड्या ठेवलेल्या. कुणीही वाचाव्यात, दुरुस्ती सुचवावी, जुन्याजाणत्यांनी ती तपासून आत घ्यावी. कित्येक वर्षं हे असंच चाललंय. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी तो कोड उघडला आणि चहा गार झाला. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्यांच्या पोटात फाइली, संपता संपेनात. कामावरचा आमचा अख्खा प्रोग्राम याच्या एका कोपऱ्यात मावला असता आणि वर भाड्याने द्यायला जागा उरली असती. मी पहिल्या फाइलीपासून वाचायला घेतलं. दुपारपर्यंत एवढंच कळलं की मला काही कळत नाही.

शेवटी मुकाट्याने त्या जुन्याजाणत्यांच्या गटात विचारलं. उत्तर आलं ते घुबडाचं चित्र लावलेल्या कुणाकडून तरी. बाई की बुवा, कोण जाणे. मी आपलं घुबडच म्हणते. आमचं बोलणं इंग्रजीत, पण सूर थेट घरातल्या मोठ्या काकांचा.

"सगळं वाचायला बसलीस होय? मी इथे जुना, मीही सगळं वाचलेलं नाही. कुणीच नाही. एक कळ दाब आणि तिच्या मागोमाग जा. बाकीची दारं उघडू नकोस."

मी "पुढे वाच" ही कळ धरली आणि तिच्या मागे निघाले. एवढीशी कळ, पण तिला वाटेत जो तो थांबवून विचारत होता. आत्ता काही वाचून होतंय का? होऊ दे. भाषा कुठली? मग आवाजही त्या भाषेचा घे. आकडा आला, हा फोन नंबर की साल? एका ठिकाणी कळ चुकून दोनदा दाबली गेली तर एकदाच धरायची सोय होती आणि वर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: "माझ्या आजोबांचा हात थरथरतो, म्हणून."

मी तिथेच थांबले. कुठलंसं घर, कुठलेसे आजोबा, आणि त्यांच्या हाताची थरथर आता जगभरच्या कॉम्प्युटरांना ठाऊक आहे! आणि अशा एक नाही, शेकडो माणसांनी, एकमेकांची तोंडंही न पाहता, ओळीला ओळ जोडून हे उभं केलंय. मला राग नाकावर, रडू क्वचित. पण त्या दिवशी डोळे भरून आले. आईला सांगितलं, कांदा चिरत होते. खोलीत कांदा नव्हता.

पुढच्या रविवारी ती कळ मला पान संपण्याच्या जागी घेऊन गेली. तिथे एकच विचित्र ओळ होती: थांब. कशासाठी, कुणासाठी, काही नाही. सापडला चोर! मी ती ओळ खोडली आणि बाबांना बसवलं. आवाज एक पान वाचून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय केलंस गं?"

"एक ओळ खोडली. उगाच थांबवत होती."

"कुणाची होती?"

"असेल कुणाची तरी."

"समासात प्रश्नचिन्ह केलंस का?" बाबांच्या धंद्यातला हा नियम. विचित्र शब्द दिसला तर खोडायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लिहिणाऱ्याला विचारायचं.

"बाबा, हा छापखाना नाही," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि दुरुस्ती पाठवूनही दिली.

दुसऱ्या दिवशी घुबडाचं उत्तर आलं, एका ओळीचं. "ती ओळ कुणी घातली, का घातली, पाहिलंस?"

प्रत्येक ओळीमागे ते नोंदलेलं असतं. मला माहीत होतं. कामावर आम्ही ती सोय फक्त खापर कुणाच्या माथी फोडायचं हे ठरवायला वापरतो. मी पाहिलं. ओळ बरीच जुनी, लिहिणारीने नाव घेतलं होतं सुईदोरा.

"मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही," तिने लिहिलं होतं. "मी ब्रेलच्या पट्टीवर वाचते. पट्टीवर ठिपके वर येतात, त्यांवरून बोट फिरवते. पण आवाज पुढच्या पानावर गेला की पट्टीही जाते आणि शेवटचे शब्द माझ्या बोटाखालून निसटतात. कितीतरी गोष्टींचा शेवट मला माहीत नाही. म्हणून ही ओळ. बोट पोचेपर्यंत थांब."

खाली घुबडाने लिहिलं होतं, "ती आता नाही. तिच्या ओळीवर पुष्कळजण वाचतात."

मी सुन्न झाले. मला दोन धड डोळे असून जिथे वाट सापडत नव्हती, तिथे ही बाई बोटाने चाचपत आली, नेमकी जागा शोधली, एक ओळ ठेवली आणि निघून गेली. आणि मी ती केर काढावा तशी काढून टाकली.

बाबांना सगळं वाचून दाखवलं.

"परत ठेव ती ओळ."

"मग तुमचं वाचन?"

"दुसऱ्याचा शेवट खोडून मला पुढचं पान नको."

मला भयंकर राग आला. बाबांचा, घुबडाचा, त्या न पाहिलेल्या बाईचाही. पण ओळ परत ठेवली. त्या संध्याकाळी आवाज पुन्हा पानाशी अडला आणि बाबा पुन्हा पहिल्या हाकेला जेवायला आले.

आता मी दुसऱ्या टोकाने निघाले. "थांब" म्हणणाऱ्या ओळीपर्यंत मुळात पोचतं कोण? नोंदी चाळल्या. पूर्वी तिच्या आधी एक छोटा प्रश्न होता: पट्टी जोडलेली आहे का? जोडलेली असेल तरच थांबायचं. अलीकडेच कुणीतरी साफसफाई करताना तो प्रश्न फालतू समजून काढला होता. म्हणजे माझ्यासारखंच कुणीतरी! आमच्या घरी पट्टी नाही. प्रोग्राम बिचारा नसलेल्या बोटाची वाट बघायचा आणि कंटाळून प्रकरणाच्या सुरुवातीला जायचा.

मी प्रश्न होता तिथे परत ठेवला. घुबडाने पट्टीवर वाचणाऱ्या एका माणसाकडून तो तपासून घेतला. त्याचं उत्तर आलं: "शेवटचा शब्द मिळाला."

बाबांची एकच अट होती. त्या ओळीच्या डोक्यावर, समासात करतात तशी टीप हवी. त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला: "ही ओळ खोडू नये. कुणीतरी अजून वाचत आहे." घुबडाने त्यातलं एक अक्षर बदललं नाही.

दुरुस्त झालेला प्रोग्राम आला त्या संध्याकाळी आईने ताटं घेतली आणि हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मी खोलीत डोकावले. बाबा जुन्या सवयीने मान खाली घालून बसले होते, डोळे मिटलेले. आवाज पानाच्या टोकाशी आला, न अडखळता पलीकडे गेला. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"अहो, जेवायला."

बाबांनी मान वर न करता हात वर केला.

"पान संपू दे."

"मेलं ते पुस्तक," आई म्हणाली. मग तिने ताटांवर झाकणं ठेवली, बाबांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि तीही ऐकत बसली. त्या दिवशी आम्ही तिघंही गारढोण जेवलो.