वास नसलेलं पाणी

“बोलून कुणाचं मन दुखवू नकोस. एवढं एक व्रत पाळ. उपास एखादा चुकला तरी देव रागवत नाही.”

असं माझी आई सांगायची. ते मी रोज पाळत आले. सकाळी दिवा लावताना मनाशी म्हणायचं, झोपताना आठवून बघायचं, आज आपल्या बोलण्यानं कुणाला लागलं तर नाही ना. चांगलं व्रत आहे, अजूनही तसंच वाटतं. पण त्या रविवारी मोटारसायकलच्या शोरूमपुढे मी गप्प उभी राहिले ती याच व्रताची ढाल करून. सांगताना आजही मान खाली जाते.

शोरूमचं अंगण माणसांनी फुललं होतं. मधे टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना धुपाचा दाट धूर, आणि शेजारी लालभडक, नवी कोरी स्पोर्ट्स मोटारसायकल. टेबलामागे उभे होते जलमहाराज. पांढरेशुभ्र कपडे, हातात चकचकीत पितळी झारी. महाराजांनी झारीतून पेल्यात पाणी ओतलं आणि ते घटाघटा प्यायले. पुढच्या दोघांनाही पाजलं. मग डोळे मिटले, झारी कपाळाला लावली, ओठ पुटपुटले, आणि त्याच झारीच्या त्याच चोचीतून गाडीच्या टाकीत धार धरली. शोरूमच्या मालकानं बटण दाबलं. गाडी आधी गुरगुरली, मग अशी गर्जली की पुढच्या रांगेनं दोन पावलं मागे घेतली.

“पाण्यावर चालली रे!” कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पेट्रोल कशाला जाळता, बंधूंनो?” महाराजांचा आवाज मधाळ होता. “पेट्रोल तामसी. जमिनीच्या पोटात कुजलेलं. हे जल सात्त्विक! पण ते पचवायला गाडीही तशी लागते. नेहमीची स्टँडर्ड गाडी अहंकारी. म्हणते, मला माझंच पाहिजे. ही फ्लेक्स-फ्युएल गाडी विनम्र. जे द्याल ते गोड मानून घेते.”

“म्हणजे आमची बायको स्टँडर्ड निघाली म्हणायची!” मागून एकजण बोलला. त्याच्या बायकोनं तिथल्या तिथे त्याला कोपर मारलं. हशा पिकला. महाराजही पोट धरून हसले. हसणारा ठग माणसाला फार लवकर आपला वाटतो.

मग मालक पुढे आला. हा आमच्या यांचा जुना विद्यार्थी. यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे निम्मं गाव यांना ‘सर’ म्हणतं. “कुणाला शंका असेल तर आपले सर इथेच आहेत,” तो म्हणाला. “सर, या ना वर. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य.”

हे वर गेले. महाराजांनी टाकीत पुन्हा धार धरली, सगळ्यांदेखत त्याच धारेखाली पेला धरला आणि तो यांच्या हातात दिला. “सर, रंग बघा. वास घ्या. निःसंकोच सांगा.”

यांनी पेला उजेडात धरला. नाकाशी नेला. पुन्हा नेला. मी यांच्याकडेच बघत होते, कारण त्या अंगणात फक्त मला माहीत होतं, किंवा मला तसं वाटत होतं, की यांना वास येत नाही.

मागे आलेल्या एका तापानंतर यांचं नाक गेलं ते परत आलंच नाही. शेगडीवर दूध करपून धूर झाला तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले. “अहो!” म्हणून मी धावले, तेव्हा म्हणाले, “लक्ष नव्हतं.” त्यानंतर मीही विषय काढला नाही. जन्मभर प्रयोगशाळेत नळीवर हात हलवून “ओळखा बरं, कसला वास?” असं पोरांना विचारणारा माणूस. त्याला कसं म्हणायचं, अहो, तुमचं नाक गेलंय?

“वास नाही,” हे म्हणाले. “रंग नाही. पाणीच आहे.”

टाळ्या थांबेनात. मीही दोनदा टाळी वाजवली. हे खाली आले तेव्हा यांचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी लेक घरी आली. डोंगरापलीकडच्या इस्पितळात ती रक्ततपासणी करते. रोज एवढा घाट चढून उतरायचा, म्हणून स्वतःच्या कमाईतून गाडी घेणार होती. मॉडेल ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता की स्टँडर्ड घ्यायची की फ्लेक्स. दोन्ही दिसायला सारख्याच. फ्लेक्स थोडी महाग. पेट्रोलवरही चालते, आणि जास्त इथेनॉल मिसळलेल्या इंधनावरही. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच म्हणा ना. पण तसलं इंधन देणारा पंप तिच्या वाटेवर एकही नव्हता.

“बाबा, तुम्ही म्हणालात म्हणे पाणी आहे?” पर्स खांद्यावरून न काढताच तिनं विचारलं.

“हो.”

“मग मला एक सांगा. चमत्कार असेल तर तो फ्लेक्सवरच का होतो? महाराजांना स्टँडर्डचं वावडं आहे का?”

“मी स्वतः वास घेतलाय,” हे तुटकपणे म्हणाले.

लेकीनं पर्स खाली ठेवली. लहानपणापासून यांचा शब्द म्हणजे तिला तपासून घेतलेली गोष्ट. “तुम्ही घेतलात म्हणजे झालंच,” ती हळूच म्हणाली. “मग फ्लेक्सच बघते. उद्या सही करायला बोलावलंय.” मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

लेक सही करायला जाणार त्या संध्याकाळी समोरची शिलाईवाली धावत आली. लेकीच्याच वयाची, गळ्यात मोजायची टेप तशीच. एका कडेवर तिची छोटी, दुसऱ्या हातात शोरूममधून विकत आणलेली जलाची बाटली.

“काकू, सर आहेत का? आमच्या ह्यांनी काल हे जल जुन्या गाडीत घातलं. चार पावलं गेली न गेली तोच खोकून बंद पडली. महाराज म्हणतात, गाडी अहंकारी आहे. बरं, ते जाऊ दे. ते म्हणाले, पोराची छाती भरली असेल तर चमचाभर पाजा, उतरेल. ही दोन दिवस खोकतेय. म्हटलं, सर पाणीच म्हणालेत, तरी पाजायच्या आधी एकदा विचारून घेते.”

बोलता बोलता तिनं झाकण उघडलं. आमच्या ओट्यावरचा चमचा उचलला, भरलासुद्धा. बंद खोलीत, धूपबिप नसताना, तो वास माझ्या नाकात सुरीसारखा शिरला. इंजेक्शन देण्याआधी दंडावर कापूस फिरवतात ना, तसला. त्यात रॉकेलसारखंही काहीतरी.

मी यांच्याकडे बघितलं. हे चमच्याकडे बघत होते. यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

मी चमचा हिसकावला. अर्धा माझ्या हातावर सांडला, गारेगार लागला आणि बघता बघता उडून गेला.

“पाजू नकोस,” मी म्हणाले. “पाणी नाही हे. सरांना वास येत नाही. तापापासून येत नाही. मला माहीत होतं, आणि मी अंगणात टाळ्या वाजवल्या.”

एका वाक्यात माझं रोजचं व्रत मोडलं होतं, तेही लेकीसमोर, शेजारणीसमोर. यांचा चेहरा मला बघवेना.

हे उठले. मला वाटलं, बाहेर निघून जातील. हे फ्रिजपाशी गेले. दोन पेले घेतले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात बाटलीतलं जल. दोन्हींत बर्फाचा एकेक खडा टाकला. पाण्यातला तरंगला. जलातला दगडासारखा तळाला गेला.

“स्पिरिट पाण्याहून हलकं असतं,” हे पेल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. “बर्फाहूनही हलकं. त्यात बर्फ बुडतो. नाक नव्हतं, पण हे मला येत होतं. तेव्हाच बर्फ मागता आला असता. पण बर्फ मागितला असता तर लोकांनी विचारलं असतं, वासानं कळत नाही का सर?”

शिलाईवालीनं छोटीला घट्ट धरलं. “सर,” ती म्हणाली, “मी पाजणार होते हो.”

यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती दूर सरकवली.

“बाबा,” लेक म्हणाली, “मागे आपण गाडी बघायला शोरूमला गेलो होतो त्या दिवशी तुमच्या पायाशी पेट्रोलचा डबा कलंडला. सगळ्यांनी नाकं दाबली. तुम्ही तसेच उभे. मालक तुमच्याकडे बघत होता. मला वाटलं, आदरानं बघतोय.”

म्हणजे अंगणात ते माहीत असलेली मी एकटी नव्हते. मालकालाही माहीत होतं. म्हणूनच त्यानं यांना वर बोलावलं. गावात विज्ञान शिकवणारे आणखीही होते, पण त्यांची नाकं शाबूत होती.

महाराजांचा मुक्काम आठवडाभर होता. दुसऱ्या दिवशी अंगणात आणखी गर्दी. आम्ही तिघं आणि शिलाईवाली, सगळे गेलो. लेकीच्या हातात बर्फाचा थर्मास.

“या सर, या!” मालकानं हात पसरले.

“मला दोन मिनिटं बोलायचंय,” हे म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. “रविवारी मी सांगितलं, याला वास नाही. ते खोटं होतं. वास मलाच येत नाही. कसलाच नाही. सांगायची लाज वाटली, म्हणून पाणी म्हणालो.”

कुणीतरी खिदळलं. “सरांचं नाकच रजेवर!” पाठोपाठ आणखी हशा. हसू ओसरेपर्यंत हे तसेच उभे राहिले. गर्दी परत आपल्याकडे वळवायला महाराजांनी गाडीच्या टाकीत धार धरली, तसा लेकीनं धारेखाली पेला धरून ‘जल’ घेतलं. एक खडा नळाच्या पाण्याच्या पेल्यात टाकला, तो तरंगला; दुसरा जलात टाकला.

बर्फ बुडाला. पुढची माणसं वाकून बघू लागली.

“बर्फाची श्रद्धा कमी पडली,” महाराज पटकन म्हणाले.

“मग नळाच्या पाण्यातल्या बर्फाची जास्त कशी?” लेक म्हणाली. “एकाच ट्रेमधले खडे आहेत. सख्खे भाऊ.”

या वेळचा हशा महाराजांना आवडला नाही. तेवढ्यात यांनी झारी उचलली आणि मूठ लोकांकडे वळवली. मुठीखाली दोन बारीक भोकं होती.

“नळी पाण्यात बुडवून वरचं तोंड बोटानं दाबलं की पाणी आतच राहतं. तुम्ही सगळ्यांनी माझ्या वर्गात केलंय,” हे म्हणाले. आता आवाजात थोडा वर्ग आला होता. “या झारीत दोन कप्पे आहेत. एकात पाणी, एकात इंधनाचं स्पिरिट. ज्या कप्प्याचं भोक दाबाल त्यात हवा जात नाही, त्यामुळे तो ओतत नाही, दुसरा ओततो. बघा.” यांनी एक भोक दाबलं, पेल्यात ओतलं, बर्फ तरंगला. दुसरं दाबलं, ओतलं, बर्फ बुडाला.

“आणि गाडी?” एका म्हाताऱ्यानं विचारलं. “गाडी तर खरंच चालली.”

“चालणारच. ती फ्लेक्स आहे. टाकीत पेट्रोल किती नि स्पिरिट किती हे ओळखून ती इंधनाची धार आपोआप कमीजास्त करते. कारखान्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं डोकं खपवून बनवलीय. चांगली गाडी आहे. यात महाराजांचं काय आहे?”

“टाकीच्या तळाला आधीचं पेट्रोल होतंच,” लेकीनं पुस्ती जोडली. “स्टँडर्ड इंजिन एवढं स्पिरिट घेऊ शकत नाही, म्हणून ते अहंकारी!”

शिलाईवालीनं बाटली टेबलावर आपटली. “माझ्या पोरीला पाजायला सांगितलंत ना? आता तुम्ही प्या. हं, प्या की! रविवारी तर घटाघटा प्यायलात!”

महाराजांनी बाटलीला हात लावला नाही. मालकाकडे बघितलं, मालक शोरूमच्या काचेकडे बघत होता. गर्दी सगळं ओळखते, फक्त उशिरा. कुणी महाराजांवर धावून गेलं नाही. शिलाईवालीच्या नवऱ्यानं पोलिसांना फोन लावला आणि ते येईपर्यंत दारात उभा राहिला. मला ते बरं वाटलं.

लेकीनं सही केली नाही. “स्टँडर्ड घेईन,” ती वाटेत म्हणाली, “आणि दुसऱ्या दुकानातून. माझ्या वाटेवर इथेनॉलचा पंप आला तर फ्लेक्सचा विचार करीन. एवढंच कारण. सात्त्विक-तामसी काही नाही.”

मी देव मानते. उद्याही सकाळी दिवा लावीन. पण ज्यानं डोळे दिले, नाक दिलं, शंका विचारायला जीभ दिली, त्याच्या नावानं कुणी ही सगळी मिटून घ्यायला सांगत असेल तर तो देवाचा माणूस नव्हे. कुणी असा चमत्कार दाखवला तर विचारा: हा याच गाडीवर का होतो? झारी मला उलटसुलट बघू द्याल का? आणि मोठा माणूस ‘खरं आहे’ म्हणाला तरी त्यालाही विचारा, तुम्ही कसं तपासलंत? त्यात त्याचा अपमान नाही. रविवारी मी तेवढं विचारलं असतं तर यांचीही सुटका झाली असती.

अंगणातून निघताना यांनी सगळ्यांसमोर एक शब्द दिला होता: “माझ्या बोलण्यावर ज्यांनी बाटल्या नेल्या, त्यांच्या घरी मी स्वतः येईन.” लोक तेव्हा पांगत होते. कितीजणांनी ऐकलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पूजा आटोपली तेव्हा हे चपला घालत होते. हातात बाटल्या गोळा करायला रिकामी पिशवी.

“मी येऊ का बरोबर?” मी विचारलं. “वास घ्यायला?”

“वास लोकच घेतील,” हे म्हणाले. “मी फक्त सांगणार आहे.”

गल्लीच्या टोकाच्या घरापासून सुरुवात करायची असं ठरवलं असावं. तिथे रविवारी सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवणारा वाणी राहतो. मी खिडकीतून बघत होते. हे दारापाशी पोचले, पिशवी काखेत धरली, केसांवरून हात फिरवला आणि कडी वाजवली.